फ्लॅश हायडर की मझल ब्रेक? रायफलच्या तोंडावरच्या वादाची पार्श्वभूमी

1994 साली अमेरिकेने अर्धस्वयंचलित रायफलींवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा केला आणि नळीच्या तोंडावरची ज्वाळा लहान करणारा फ्लॅश हायडर आणि धक्का कमी करणारा मझल ब्रेक यांतला, तोवर सैनिक व बंदूक कारागिरांपुरता असलेला फरक कोर्टकचेरीपर्यंत गेला. काढता येणारं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) असलेल्या रायफलीत पाचपैकी दोन गोष्टी आढळल्या की ती बंदीत जायची. घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची सोय, ग्रेनेड लाँचर आणि फ्लॅश हायडर किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी, अशी ती यादी. मझल ब्रेक तिच्यात नव्हता.

पुढची दहा वर्षं यावरच गेली. कारखान्यांनी फ्लॅश हायडर काढले, त्या जागी ब्रेक आणले आणि आटे उघडे राहू नयेत म्हणून ते वेल्डिंग करून किंवा पिन ठोकून कायमचे जोडले. या दोन भागांची कामं पाहिली की कायद्याचा हा निर्णय खटकतो. गोळीमागून येणाऱ्या तापलेल्या वायूत न जळलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. बाहेरचा ऑक्सिजन मिळाला की तो पेटतो आणि मोठी ज्वाळा उठते. फ्लॅश हायडरच्या खाचा हा झोत फोडतात, त्यामुळे ज्वाळा बरीच लहान राहते आणि अंधारात गोळी झाडणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. धक्क्यावर त्याचा परिणाम नगण्य. ब्रेकमध्ये तोच वायू आडव्या पडद्यांवर आपटून बाजूला, काहीसा मागेही वळतो. बंदूक पुढे ढकलली जाते आणि खांद्यावरचा धक्का हलका होतो. दुसरी गोळी चटकन नेमावर झाडायला मदत करणारा भाग मोकळा राहिला आणि डोळे सांभाळणारा अडकला. ज्वाळा दिसली नाही तर हल्लेखोर कुठे आहे ते कळत नाही, हा समर्थकांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. तरीही यादी करणाऱ्यांनी भागाच्या कामापेक्षा त्याचं लष्करी रूप पाहिलं, असं माझं ठाम मत आहे. ब्रेकचा दणका शेजारच्या नेमबाजाच्या कानांना सोसावा लागला तो वेगळाच.

सप्टेंबर 2004 मध्ये कायद्याची मुदत संपली, पण काही राज्यांनी यादी धरून ठेवली. न्यू यॉर्कने 2013 मध्ये तिच्यात ब्रेक आणि कॉम्पेन्सेटरही (नळीचं तोंड वर उसळू न देणारा भाग) घातले. मात्र कायद्यात ब्रेकचं इंग्रजी स्पेलिंग चुकून 'मोडणे' या अर्थाच्या शब्दाचं पडलं. खालच्या कोर्टाने तेवढा भाग संदिग्ध ठरवून रद्द केला. 2015 मध्ये वरच्या कोर्टाने तो निर्णय फिरवला.

ते लष्करी रूप मात्र गरजेतून आलेलं. ब्रेकचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात तोफांवर झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी जंगलातल्या लढाईसाठी आखूड रायफल काढली. नळी तोकडी म्हणून ज्वाळा मोठी, म्हणून तोंडावर नरसाळं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी एम-16 रायफलीचा सुरुवातीचा तीन पात्यांचा फ्लॅश हायडर वेली-गवतात अडकायचा, तेव्हा पात्यांची टोकं कड्याने जोडली गेली. पुढच्या ए-2 आवृत्तीत खालच्या खाचाही बुजवल्या. त्यामुळे पालथं पडून झाडताना धूळ उडणं कमी झालं, शिवाय वायू वर सुटून तोंड खाली दाबलं जाऊ लागलं. एकच भाग फ्लॅश हायडरही झाला आणि थोडा कॉम्पेन्सेटरही. सोव्हिएत एकेएम रायफलीच्या तोंडावरचा तिरका काप हा साधा कॉम्पेन्सेटर.

आवाज दाबणाऱ्या सप्रेसरची वाट निराळी. त्याचं पेटंट 1909 चं, आणि 1934 पासून अमेरिकेत त्यावर 200 डॉलर कर होता. 1 जानेवारी 2026 पासून तो शून्यावर आला. नोंदणी कायम आहे. आजच्या कित्येक फ्लॅश हायडर आणि ब्रेकवर सप्रेसर चढवायची सोय असते. आत ब्रेक असला की वायूचा पहिला तडाखा त्याचे पडदे झेलतात आणि सप्रेसरची झीज कमी होते, म्हणून सप्रेसर सहसा न उतरवणारे ब्रेक घेतात. अधूनमधून सप्रेसर काढून उघड्या नळीने, तेही अंधारात झाडायचं असेल, तर फ्लॅश हायडरच बरा.