गिअर कर्र करतो? क्लच प्लेट बदलण्याआधी हे वाचा

"भाऊ, गिअर पडत नही. प्लेट गेली वाटतं." हे वाक्य ऐकून आम्ही गाडी उघडतो आणि बऱ्याचदा प्लेट शाबूत निघते. म्हणून हा कागद छापला. गाडीच्या पुस्तकासोबत ठेवा.

प्लेट झिजली की क्लच घसरतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. गिअर न पडणं ही बरोबर उलटी तक्रार आहे. इथे क्लच सुटतच नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स कर्रकन वाजतो, नाहीतर पहिल्या गिअरवर गाडी आपोआप पुढे सरकते.

खात्री घरीच करता येते. सपाट जागी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून पुन्हा बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच सुटत नाही. बंद असतानाही अडत असतील तर गिअरची केबल किंवा गिअरबॉक्स तपासावा लागेल.

त्याआधी एक लाजिरवाणी गोष्ट: पेडलखालची मॅट. एका गाडीत मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकलेली होती. पेडल खालपर्यंत जातच नव्हतं. मॅट काढली, काम संपलं. पैसे घ्यायला आम्हालाच संकोच वाटला.

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये पेडल दाबलं की अप्पर, म्हणजे मास्टर सिलिंडर, ऑइल ढकलतो. ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या लोअरला, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरला, पोचतं आणि त्याचा दांडा क्लच सोडवणारा फोर्क हलवतो. ऑइल दबत नाही, हवा दबते. पाइपात बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो दाबण्यातच जातो. जुन्या मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचला हे लागू नाही.

म्हणून पहिली नजर ऑइलच्या डबीवर. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते आणि क्लचची नळी वरच्या बाजूला जोडलेली असते. पातळी उतरली की आधी क्लच काम सोडतो, ब्रेक मात्र लागत राहतो. याला नशीब समजून गाडी दामटू नका; ऑइल कुठूनतरी गळतंय.

पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर बहुतेक पाइपात हवा धरली आहे. पेडल दाबून धरल्यावर गिअर पडतो, पण थोड्या वेळाने गाडी सरकू लागते? मग अप्परचं रबर आतून ऑइल सोडतंय, बाहेर थेंबही दिसणार नाही. पेडलच्या वर ओल असेल तरी अप्परच. लोअरचं रबरी टोपण उचलून बघा, ओलं असेल तर लोअर गेला. काही गाड्यांत लोअर गिअरबॉक्सच्या आत असतो. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी वाढते, ती आधी विचारून घ्या.

लोअरचा दांडा पुरेसा हलतोय आणि तरी गिअर वाजतो, तेव्हाच प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), फोर्क, बेअरिंगकडे वळायचं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट गंजाने चिकटलेलीही असू शकते.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल लागतं. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबर फुगून सिलिंडर निकामी होतो. रॉकेलने रबर धुवायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नका. आम्ही साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

गिअर वाजवत रेटून चालवू नका, गिअर अलगद जुळवणाऱ्या आतल्या सिंक्रो रिंगा झिजतात आणि मग खरंच मोठं बिल होतं. फोन करताना तीन गोष्टी सांगा: पेडल मारून गिअर पडतो का, डबीत ऑइल किती आहे, आणि ओल कुठे दिसते. त्यावरून कोणतं रबराचं किट आणायचं ते आम्हाला कळतं आणि तुमची एक फेरी वाचते. काढलेलं जुनं रबर आम्ही पुडीत बांधून देतो. दिलं नाही तर मागून घ्या.