पाठचा भाऊ पुढे गेला

दादरला दिवाळीच्या खरेदीत दुकानदार मोठ्या मापाची पँट धाकट्याला लावून बघतो आणि आईला सांगावं लागतं, "अहो, मोठा हा आहे." थोरला 15 वर्षांचा, उंची 158 सेंटिमीटर. धाकटा 13 चा, 160. थोरला काही बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुधात उंची वाढवणारी पावडर पडू लागते. बहुतेक घरांत तिची काहीच गरज नसते.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात, फुगतात आणि मग त्यांच्या जागी हाड तयार होतं. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतात. मुलगे 9 ते 14 या वयात केव्हाही वयात येऊ लागतात आणि त्यानंतर साधारण दोन वर्षांनी वाढीचा जोर सर्वाधिक असतो: वर्षाला 9-10 सेंटिमीटर. धाकट्याचं 11 व्या वर्षी सुरू झालं आणि थोरल्याचं पावणेचौदाव्या, तर आज धाकटा ऐन भरात आहे आणि थोरल्याचा जोर अजून यायचा आहे.

ही पट्टी शेवटी बंद करतं ते इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं समजलं जाणारं संप्रेरक, मुलग्यांमध्येसुद्धा. 1994 मध्ये नोंदवलेल्या 28 वर्षांच्या एका पुरुषाच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. तो 204 सेंटिमीटर उंच होता आणि त्याची वाढ अजून थांबली नव्हती. लवकर वयात येणाऱ्याची पट्टी सहसा लवकर बंद होते, म्हणून 13 व्या वर्षीची आघाडी टिकेलच असं नाही.

कधी कधी मात्र ती टिकते. उंचीशी निगडित सुमारे 12,000 जनुकीय फरक 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात सापडले. आईबापांकडून प्रत्येक मुलाला निम्मा वाटा मिळतो, पण दोघांच्या वाट्याला तीच जमीन येत नाही. मोठेपणीच्या उंचीच्या अंदाजासाठी वडिलांची आणि आईची उंची मिळवा, मुलग्यासाठी 13 वाढवा, दोनाने भागा. वडील 170 आणि आई 156, तर येतात 169.5, त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 8 सेंटिमीटर धरा. एक भाऊ 163 आणि दुसरा 176, हे एकाच घरात अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून भावाशी तुलना सोडा, प्रत्येकाचा वेग मोजा. आणि नीट मोजा, कारण घरच्या मापात एखादा सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या तळाशी टाइल्सची पट्टी पुढे आलेली असते, टाचा भिंतीला टेकतच नाहीत. त्यापेक्षा दाराची चौकट बरी. अनवाणी उभं करा, टाचा, कुल्ले आणि पाठ टेकलेली, नजर समोर, हनुवटी वर नाही. डोक्यावर वही ठेवली की ती कलते. कंपासपेटीतला मोठा गुण्या किंवा काटकोनी खोका चौकटीला घट्ट चिकटवून केस दाबत खाली आणा. पेन्सिलची खूण, शेजारी तारीख, आणि जमिनीपासून स्टीलच्या टेपने माप. तीनदा मोजून सरासरी घ्या. वेळ नेहमी सकाळची, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका भरतो. पुढचं माप सहा महिन्यांनी. दर आठवड्याला मोजून फक्त पोराचा जीव टांगणीला लागतो.

वयात येण्याआधी वाढ वर्षाला 4 सेंटिमीटरच्या खाली आली, किंवा 14 पूर्ण होऊनही वयात येण्याची खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती हमखास राहून जाते: 9 व्या वर्षाआधीच वयात येऊ लागलेला धाकटा ताडमाड दिसतो, सगळे कौतुक करतात, आणि दवाखान्यात नेण्याची खरी गरज त्यालाच असते.

डॉक्टर डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढायला सांगतात. त्यावरून हाडाचं वय, म्हणजे हाडं वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहेत ते, कळतं. कूर्चा एक्स-रेवर हाडासारखी पांढरी दिसत नाही, तिथे काळी फट दिसते. 15 वर्षांच्या थोरल्याचं हाडाचं वय 13 निघालं आणि मनगटाजवळची ती फट स्वच्छ उघडी दिसली, तर ती फिल्म उजेडात धरून त्यालाही दाखवा.