घरचे सलाईन : उपचार आणि बिल

रुग्णालयात दाखल न होता, किंवा डिस्चार्ज मिळाल्यावर उरलेले औषध शिरेवाटे वा त्वचेखाली घरीच देण्याची पद्धत. डॉक्टर तिला ‘होम इन्फ्युजन’ म्हणतात. मुंबईत ‘आईला घरीच सलाईन लावलंय’ एवढे सांगितले की शेजाऱ्यांना समजते. शब्द सोयीचा आहे, पण थोडा फसवाही. बाटलीतले मिठाचे पाणी हे बहुतेक वेळा नुसते वाहन असते. खरे काम त्यातून जाणाऱ्या अँटिबायोटिकचे, लोहाचे, इम्युनोग्लोब्युलिनचे (प्रतिकारशक्तीची प्रथिने) किंवा केमोच्या औषधाचे. केवळ ‘ताकद यावी’ म्हणून लावून घेतलेल्या सलाईनचा हिशेबही एकदा मांडून पाहावा : पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. तेवढ्या एका पोळीतून मिळतात.

सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साचणारा आनुवंशिक आजार) झालेल्या मुलांना घरी अँटिबायोटिक दिल्याचा अमेरिकेतील अनुभव १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून या पद्धतीला वैद्यकीय मान्यता मिळत गेली. तिच्यामागचा विचार साधा आहे. हाडाला जंतुसंसर्ग झाला तर शिरेतून औषध अनेकदा सहा आठवडे चालते. रुग्ण चालता-बोलता असेल, तर दिवसातल्या अर्ध्या तासाच्या औषधासाठी त्याने दीड महिना खाट अडवून ठेवायची का? म्हणूनच घरी पाठवताना डॉक्टर शक्यतो दिवसातून एकदाच द्यावे लागणारे औषध निवडतात. सेफ्ट्रिॲक्सोन आणि अर्टापेनेम ही त्यातली नेहमीची नावे. दर सहा-आठ तासांनी द्यायचे औषध असेल तर सिस्टरच्या खेपा तीन-चार होतात आणि घरी राहण्यातला फायदा तिथेच संपतो.

औषध थोड्या दिवसांचे असेल तर हातावर साधी कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, चालते. मुंबईत तिला सर्रास ‘व्हेनफ्लॉन’ म्हणतात, कंपनी कोणतीही असो. ती काही दिवसांत सुजते, दुखू लागते आणि बदलावी लागते. आठवडे-महिने चालणाऱ्या उपचारासाठी दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी ‘पिक लाईन’ किंवा छातीच्या त्वचेखाली बसवलेला ‘पोर्ट’ लागतो. आतड्याच्या कर्करोगावरच्या एका प्रचलित केमोत ‘फाईव्ह-एफयू’ हे औषध सलग ४६ तास जावे लागते. त्यासाठी पोर्टला बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा एक पंप जोडतात. त्याला वीज लागत नाही, स्टँड लागत नाही. आतला रबरी फुगा स्वतःच्या ताणाने आक्रसत जातो आणि औषध पुढे ढकलतो. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून आलेले कित्येक रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. अशा, मुंबईत घर नसलेल्या माणसालाही हा पंप कमरेच्या पिशवीत घालून खाटेबाहेर राहता येते.

बहुतेक घरांत मात्र पंप नसतो, थेंबच मोजावे लागतात. नेहमीच्या आयव्ही सेटमधून साधारण २० थेंबांत एक मिली जाते. अर्धा लिटर चार तासांत द्यायचे असेल तर मिनिटाला ४२ थेंब. १०० मिली अर्ध्या तासात द्यायचे तर ६७. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चाकाची कळ थोडी दाबते, थोडी सोडते. बाटली टांगायला खिडकीची ग्रिल, पडद्याचा रॉड किंवा चाळीतल्या खोलीत भिंतीवरची खुंटी. जागा कोणतीही चालेल, पण बाटली हातापेक्षा बरीच उंच हवी, कारण इथे ढकलायला गुरुत्वाकर्षणच काय ते आहे. रुग्णाने बसल्या जागी हात उंचावला की थेंब मंदावतात, आणि मग घरचे कोणीतरी चाक सैल करते. हा उद्योग घरच्यांनी करू नये. व्हॅन्कोमायसिनसारखे औषध तासाभराहून कमी वेळात गेले तर अंग लाल होऊन खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. सेफ्ट्रिॲक्सोन रिंगर लॅक्टेट या कॅल्शियम असलेल्या सलाईनमध्ये मिसळायचे नसते. नव्या औषधाचा पहिला डोस रुग्णालयातच देण्याची पद्धत ॲलर्जीच्या भीतीने पडली आहे आणि ती मोडण्यात शहाणपण नाही.

मुंबईची म्हणून एक अडचण जुलैमध्ये येते : रुळांवर पाणी साचते आणि सिस्टर सायन-कुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी अडकते. दिवसातून एकदाच्या औषधाला तास-दोन तासांचा उशीर सहसा चालून जातो. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्या घातक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून वेगळ्या द्यायच्या असतात.

बिलाची गोष्ट निराळी. औषध घरी आणणे जमले, बिल मात्र अजून रुग्णालयाच्या खाटेलाच बांधलेले आहे. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ‘दाखल’ म्हणजे किमान सलग २४ तास. घरच्या उपचारासाठी ‘डोमिसिलिअरी’ नावाचे कलम असते, पण त्यात उपचार तीन दिवसांहून जास्त चाललेला हवा आणि रुग्णाला हलवणे अशक्य किंवा रुग्णालयात खाट नाही, अशी अट असते. चालत्या-फिरत्या, आनंदाने घरी आलेल्या रुग्णाला ती लागू होणे कठीण. कोविडच्या काळात, २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत १४ दिवसांपर्यंतच्या घरच्या उपचाराला जागा दिली होती. म्हणजे कलम लिहायचे ठरवले तर लिहिता येते.

अमेरिकेत हेच बिल तीन भागांत फाटते : औषध, नर्सची भेट आणि ‘पर डिएम’ म्हणजे दिवसाचा ठोक दर. या दरात फार्मसीचे काम, पंप, नळ्या, समन्वय असे सगळे येते. दिवसातून एकदाच्या अँटिबायोटिकसाठी एस ९५००, दर बारा तासांच्यासाठी एस ९५०१, असे बिलावर लिहायचे संकेतांक असतात. औषधाचे संकेतांक मात्रेवर चालतात. सेफ्ट्रिॲक्सोनचा जे ०६९६ हा २५० मिलिग्रॅमला एक युनिट असा आहे. दोन ग्रॅम दिले तर युनिट आठ लिहायची, दोन नव्हे. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत पंपाने दिल्या जाणाऱ्या ठरावीक औषधांसोबतच्या घरच्या सेवेचे पैसे १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्रपणे मिळू लागले, तेही नर्स प्रत्यक्ष घरी आली त्याच दिवसाचे. अमेरिकेच्या वैद्यकीय बिलांचे कोडिंग आणि पाठपुरावा ऐरोली, ठाणे, अंधेरीतल्या कार्यालयांत रात्रपाळीला बसलेली आपलीच मुले करतात. आठ युनिटांच्या जागी दोन का, हे त्यांना झोपेतही सांगता येते. सकाळी घरी परतल्यावर आजीच्या सलाईनचे पैसे मात्र रोख द्यावे लागतात.

इथल्या घरच्या सलाईनचे पैसे सहसा वसूल होतात ते ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ या वाटेने. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत हा काळ ६० दिवसांचा आहे. त्यासाठी डिस्चार्ज समरीत एक ओळ हवीच : अमुक औषध, इतकी मात्रा, इतके दिवस, घरी, शिरेतून. ती सुटली तर टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था, पहिल्यांदा तेच विचारते, आणि तोवर निवासी डॉक्टरची ड्युटी बदललेली असते. केमिस्टचे पक्के बिल बॅच नंबरसह घ्यावे. सिस्टरच्या पावतीवर तिचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि भेटींच्या तारखा हव्यात. नर्सिंग ब्यूरोकडून बारा तासांसाठी रुग्णाची देखभाल करायला येणाऱ्या मावशी आणि नोंदणीकृत सिस्टर या दोघींचे पैसे पुष्कळदा एकाच ‘नर्सिंग चार्जेस’खाली टाकलेले दिसतात. शिरेला हात लावण्याचा अधिकार मावशींना नाही, आणि त्यांच्या पैशांपायी सिस्टरचीही रक्कम अडकते. विमा नियामकाच्या २०२० च्या परिपत्रकात, ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा ६८ बाबींच्या यादीत, खासगी परिचारिकेचे शुल्क होतेच; म्हणून पावतीवर ‘इंजेक्शन देण्याचे शुल्क’ असे, झालेल्या कामाच्या नावाने, भेटीगणिक लिहून घेतलेले बरे. पंपाचे भाडे आणि अनामत रक्कम यांच्याही वेगळ्या पावत्या मागाव्यात. अनामत परत मिळणारी असल्याने ती क्लेममध्ये धरायची नसते.

विमाच नसलेल्या ज्येष्ठांसाठी आयकराच्या जुन्या करप्रणालीत वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, पण रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. सिस्टर जिना उतरण्याआधी तिचे पैसे यूपीआयने द्यावेत आणि पावतीवर त्याच दिवसाची तारीख घालून घ्यावी.