पानमुंजॉमची शस्त्रसंधी आणि ‘युद्धबंदी’चे दोन अर्थ

मराठीत ‘युद्धबंदी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बंदी म्हणजे मनाई असे धरले तर युद्ध थांबवणे, आणि बंदी म्हणजे कैदी असे धरले तर शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक. संदर्भावरून अर्थ उलगडत असल्यामुळे वाचकाचा सहसा गोंधळ होत नाही. कोरियाच्या युद्धात मात्र हे दोन अर्थ एकमेकांत असे गुंतले की, इतर जवळजवळ सगळे मुद्दे सुटल्यावरही केवळ कैद्यांचे काय करायचे या एका प्रश्नापायी लढाई वर्षभराहून अधिक काळ चालू राहिली. २७ जुलै १९५३ रोजी झालेली ती शस्त्रसंधी आजही अमलात आहे आणि तिच्या जागी येणार असलेला शांततेचा तह अजून झालेला नाही.

शस्त्रसंधी आणि तह यांत मुळातच फरक आहे. तहाने युद्ध संपते, सीमा ठरतात आणि दोन सत्तांमधील पुढचे संबंध निश्चित होतात. शस्त्रसंधी हा सेनापतींमधला करार असून तो फक्त लढाई थांबवतो. हेग येथे १९०७ साली मान्य झालेल्या युद्धनियमांतही शस्त्रसंधीचा अर्थ ‘लष्करी कारवाया स्थगित करणे’ एवढाच दिलेला आहे; मुदत ठरलेली नसेल, तर योग्य पूर्वसूचना देऊन लढाई पुन्हा सुरू करण्याची मुभाही त्या नियमांत आहे. कोरियाच्या करारावर सह्या करणाऱ्यांना ही मर्यादा पूर्ण ठाऊक होती. आपण काही महिन्यांची सोय लावत आहोत, याच समजुतीने त्यांनी तो मसुदा लिहिला होता.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ अंश अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत शिरल्या आणि युद्धाला तोंड फुटले. अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालचे सैन्य दक्षिणेच्या मदतीला आले, सप्टेंबरात इंचॉनला सैन्य उतरवून त्याने बाजू उलटवली आणि ते उत्तरेत घुसू लागले. ३८ अंशांची रेषा अमेरिकी सैन्याने ओलांडली तर चीन युद्धात उतरेल, असा इशारा चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेकिंगमधील भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून दिला होता. भारताने तो वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवला, पण तिथे तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. त्याच महिन्यात चिनी फौजा सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून आल्या. १९५१च्या वसंत ऋतूपर्यंत सोल शहराचा ताबा चार वेळा बदलला होता आणि आघाडी जिथून युद्ध सुरू झाले जवळपास तिथेच येऊन थांबली होती.

निर्णायक विजय आता कोणाच्याच आवाक्यात नाही हे दोन्ही बाजूंना उमगल्यावर २३ जून १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांतील सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांनी रेडिओवरील भाषणात युद्धविरामाची सूचना केली. १० जुलैला केसाँग येथे बोलणी सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने व्हाइस ॲडमिरल टर्नर जॉय आणि समोर उत्तर कोरियाचे जनरल नाम इल, अशी मुख्य जोडी होती. दोघांच्या बाजूला अनुक्रमे दक्षिण कोरियाचे आणि चीनचे अधिकारी बसत. कोणाची खुर्ची बुटकी आणि कोणाची उंच, टेबलावरचा कोणाचा झेंडा मोठा, यांवरूनही चढाओढ झाली. ऑगस्टमधल्या एका बैठकीत तर दोन्ही शिष्टमंडळे दोन तासांहून अधिक काळ एकमेकांकडे नुसती पाहत बसली. हे बालिश वाटते खरे, पण युद्धात न मिळालेला मान टेबलावर मिळवण्याची ती धडपड होती, हे लक्षात घेतले तर पुढच्या दोन वर्षांचा चिवटपणा समजतो.

सीमारेषेवर खरा वाद झाला. उत्तरेला जुनी ३८ अंशांची रेषा हवी होती, तर संयुक्त राष्ट्रांच्या बाजूला प्रत्यक्ष आघाडीची रेषा हवी होती, कारण मध्य आणि पूर्व भागात तिचे सैन्य त्या अक्षांशाच्या बरेच उत्तरेला पोहोचले होते. ऑगस्टअखेर बोलणी मोडली आणि ऑक्टोबरात ती पानमुंजॉम या खेड्यात पुन्हा सुरू झाली. २७ नोव्हेंबरला ‘जिथे सैन्ये भिडलेली आहेत ती रेषा’ हे तत्त्व मान्य झाले. जुन्या अक्षांशाच्या दक्षिणेला असूनही केसाँग शहर आज उत्तर कोरियात आहे, ते या तत्त्वामुळेच.

रेषा ठरली, विरामाची देखरेख कशी करायची याचाही आराखडा तयार झाला, आणि मग गाडी कैद्यांपाशी येऊन अडली. १९४९च्या जिनिव्हा करारातील ११८वे कलम सरळ होते : लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धानंतरही वर्षानुवर्षे अडकवून ठेवलेले कैदी होते. एखाद्या कैद्याला मायदेशी जायचेच नसेल तर काय, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. कोरियात मात्र तोच मुख्य प्रश्न ठरला. चिनी कैद्यांपैकी अनेक जण पूर्वी कम्युनिस्टविरोधी नेते चँग कै शेक यांच्या सैन्यात होते आणि यादवीनंतर कम्युनिस्ट सैन्यात सामावून घेतले गेले होते. उत्तर कोरियाच्या सैन्यात दक्षिणेतून जबरदस्तीने भरती केलेले तरुण होते. १९४५ नंतर सोव्हिएत कैद्यांना त्यांच्या मनाविरुद्ध परत पाठवल्याची आणि त्यांतल्या अनेकांची पुढे जी गत झाली तिची आठवण ताजी होती. इच्छेविरुद्ध कोणालाही परत पाठवायचे नाही, अशी भूमिका अध्यक्ष ट्रूमन यांनी घेतली आणि ते तिच्यावर ठाम राहिले.

ही भूमिका माणुसकीची होती, यात शंका नाही. पण तिच्यात प्रचाराचा लाभही होता आणि तो कोणी लपवला नाही. एप्रिल १९५२ मध्ये अमेरिकी बाजूने कैद्यांची चाचपणी केली, तेव्हा सुमारे १ लाख ३२ हजारांपैकी जेमतेम ७० हजारच परतण्यास तयार असल्याचे निष्पन्न झाले. चीन आणि उत्तर कोरियाच्या दृष्टीने ही जगासमोरची नाचक्की होती. शिवाय ही ‘इच्छा’ निर्मळ नव्हती. कोजे बेटावरील छावण्यांत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टविरोधी कैद्यांच्या टोळ्यांचेच राज्य होते, विरुद्ध मताच्या कैद्यांना मारहाण होई, अंगावर घोषणा गोंदवल्या जात आणि खूनही पडत. मे महिन्यात कैद्यांनी छावणीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवले. ऑक्टोबरात बोलणी बेमुदत थांबली. या सगळ्या काळात आघाडीवर एकेका टेकडीसाठी माणसे मरत होती, आणि त्या टेकड्यांनी नकाशावरची रेषा फारशी हलत नव्हती.

इथे भारताचा प्रवेश होतो. भारताने लढण्यासाठी फौज पाठवली नव्हती, फक्त लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालचे ६०वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले होते. नोव्हेंबर १९५२ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला : कोणाही कैद्यावर परतण्यासाठी किंवा न परतण्यासाठी बळजबरी होऊ नये आणि त्यांचा ताबा तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यावा. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री विशिन्स्की यांनी या ठरावावर आगपाखड केली, अमेरिकेलाही तो सुरुवातीला रुचला नव्हता. तरीही ३ डिसेंबरला आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. चीनने आणि उत्तर कोरियाने तो तेव्हा फेटाळला. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन यांचे निधन झाल्यावर मात्र वारे फिरले. एप्रिलमध्ये आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली आणि ८ जूनला कैद्यांविषयीचा जो करार झाला, त्याचा सांगाडा बराचसा भारताच्या ठरावाचाच होता.

शेवटच्या क्षणी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी डाव उधळायचा प्रयत्न केला. देशाची फाळणी कायम ठेवणारा कोणताही विराम त्यांना मान्य नव्हता. १८ जूनला त्यांच्या आदेशावरून पहारेकऱ्यांनी छावण्यांची दारे उघडली आणि सुमारे २७ हजार कम्युनिस्टविरोधी कैदी रातोरात पसार झाले. चीनने दक्षिण कोरियाच्या फौजांवर मोठा हल्ला चढवून उत्तर दिले. अमेरिकेने संरक्षण कराराचे आश्वासन देऊन ऱ्ही यांना आवरले. त्यांनी विरामात अडथळा न आणण्याचे कबूल केले, पण सही केली नाही. करारावर दक्षिण कोरियाची सही आजही नाही.

२७ जुलैला सकाळी दहा वाजता पानमुंजॉमला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने लेफ्टनंट जनरल हॅरिसन आणि समोरून जनरल नाम इल यांनी इंग्रजी, कोरियन आणि चिनी भाषांतील प्रतींवर सह्या केल्या. दोघे एकमेकांशी एक शब्दही न बोलता निघून गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सेनापती जनरल क्लार्क, उत्तर कोरियाचे नेते किम इल सुंग आणि चिनी सेनापती पेंग देहुआई यांच्या सह्या आपापल्या ठिकाणी झाल्या. त्याच रात्री दहा वाजता तोफा थांबल्या. करारात ६३ परिच्छेद आहेत. दोन्ही सैन्यांनी सीमांकन रेषेपासून प्रत्येकी दोन किलोमीटर मागे सरायचे होते आणि मधला चार किलोमीटर रुंदीचा पट्टा निर्लष्करी राहायचा होता. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचा शस्त्रसंधी आयोग आणि स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचा देखरेख आयोग नेमला गेला. नवी शस्त्रे आणण्यास मनाई होती. ६०व्या परिच्छेदानुसार तीन महिन्यांत राजकीय परिषद भरवायची होती.

परतू इच्छिणाऱ्या कैद्यांची अदलाबदल ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पार पडली. ७५ हजारांहून अधिक उत्तरेकडे आणि १२ हजारांहून अधिक दक्षिणेकडे गेले. परतू न इच्छिणाऱ्या, चीन आणि उत्तर कोरियाच्या बाजूच्या २२ हजार ६०४ आणि दुसऱ्या बाजूच्या ३५९ जणांचा ताबा भारताकडे आला. कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या होते, आणि प्रत्यक्ष छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, असा हट्ट ऱ्ही यांनी धरल्यामुळे पाच हजारांहून अधिक जवानांना इंचॉनच्या किनाऱ्यावरील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या तळाला ‘हिंदनगर’ असे नाव पडले.

काम अत्यंत अवघड होते. प्रत्येक देशाच्या प्रतिनिधींनी आपापल्या कैद्यांना भेटून, घरी परतण्यात भीती नाही हे समजावून सांगायचे, अशी योजना होती आणि तिला ९० दिवसांची मुदत होती. कुंपणाच्या आतल्या टोळ्या कैद्यांना त्या भेटींसाठी बाहेर येऊ देत नव्हत्या आणि गोळीबार करून त्यांना बाहेर काढणे भारताला मंजूर नव्हते. एका भारतीय अधिकाऱ्याला कैद्यांनी आत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र (द्वितीय श्रेणी) मिळाले. या पदकाला आता कीर्तिचक्र म्हणतात. मुदत संपली तेव्हा बहुसंख्य कैद्यांशी भेटी झालेल्याच नव्हत्या. राजकीय परिषदही भरलेली नव्हती. कैद्यांना मुक्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि अनिश्चित काळ डांबून ठेवणेही योग्य नाही, या निष्कर्षावर येऊन थिमय्या यांनी जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्याच्याकडून आले त्याच्याकडे परत सोपवले. दोन्ही बाजूंनी टीका केली. चिनी कैद्यांपैकी १४ हजारांहून अधिक तैवानला गेले, २१ अमेरिकी आणि एक ब्रिटिश सैनिक कम्युनिस्ट बाजूकडे राहिले, आणि ज्यांना दोन्हीकडे जायचे नव्हते असे ८८ जण भारतीय दलाबरोबर जहाजाने भारतात आले. त्यांतले बहुतेक पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला स्थायिक झाले, मोजके भारतातच राहिले.

राजकीय परिषद अखेर एप्रिल १९५४ मध्ये जिनिव्हाला भरली आणि जूनच्या मध्यावर काहीही निष्पन्न न होता संपली. मग कराराचे एकेक कलम गळू लागले. नव्या शस्त्रांवरची बंदी आपण पाळणार नाही, असे अमेरिकेने जून १९५७ मध्ये जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात अण्वस्त्रे आणली. उत्तर आपल्याकडची शस्त्रे चोरून वाढवत आहे, असे त्यामागचे कारण देण्यात आले. समुद्रातली सीमारेषा करारात आखलेलीच नव्हती. पश्चिम किनाऱ्याजवळचे पाच बेटसमूह दक्षिणेकडे राहतील एवढेच त्यात म्हटले होते, आणि त्यांच्या उत्तरेकडची मर्यादारेषा संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने एकतर्फी ठरवली. उत्तर कोरिया ती मानत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये याँगप्याँग बेटावर झालेला तोफमारा याच न आखलेल्या रेषेच्या वादातला आहे. जमिनीवर, पानमुंजॉममध्ये दोन्ही बाजूंचे सैनिक आधी मोकळेपणाने वावरत. ऑगस्ट १९७६ मध्ये एका झाडाच्या फांद्या तोडण्यावरून दोन अमेरिकी अधिकाऱ्यांचा कुऱ्हाडीने खून झाल्यावर तिथेही रेषा आखली गेली.

२७ एप्रिल २०१८ रोजी दोन्ही कोरियांच्या नेत्यांनी पानमुंजॉमला भेटून शस्त्रसंधीचे रूपांतर शांतता करारात करण्याचा संकल्प सोडला, सप्टेंबरात सीमेवरचा तणाव कमी करण्यासाठी लष्करी करारही केला. २०२४ पर्यंत दोन्ही बाजूंनी तो बाजूला ठेवला होता. देखरेख आयोगातील चेकोस्लोव्हाकियाच्या तुकडीला उत्तर कोरियाने १९९३ मध्ये आणि पोलंडच्या तुकडीला १९९५ मध्ये घालवून दिले. स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे प्रत्येकी पाच अधिकारी रेषेच्या दक्षिणेकडच्या छावणीत अजून राहतात, ठरल्या दिवशी निळ्या रंगाच्या बराकीत बैठक घेतात, इतिवृत्त लिहितात आणि त्याची एक प्रत उत्तर कोरियाच्या नावाच्या पेटीत ठेवतात. ती न्यायला कोणी येत नाही. पेटी भरली की तेच ती रिकामी करतात.