टीम ऑर्डर आणि चालकांवरील दंड (फॉर्म्युला वन)

मोटार शर्यतीत संघ आपल्या एका चालकाला दुसऱ्यासाठी जागा सोडायला, त्याच्या मागेच राहायला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवून धरायला सांगतो, तेव्हा त्या आदेशाला टीम ऑर्डर म्हणतात. नियमभंगाबद्दल स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चालकाच्या वेळेत सेकंद वाढवतात, त्याला पुढच्या शर्यतीत मागून सुरुवात करायला लावतात किंवा त्याच्या नावावर दंडगुण चढवतात, तो दंड. या दोन गोष्टींवरून फॉर्म्युला वनचे चाहते जेवढे भांडतात तेवढे इंजिनांवरून किंवा टायरवरूनही भांडत नाहीत. दोन्हींत निकाल ट्रॅकच्या बाहेर ठरतो : कधी पिटच्या, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात त्या जागेच्या, भिंतीशी बसलेल्या संघप्रमुखाच्या तोंडून, कधी स्टुअर्डांच्या बंद खोलीत. आजवरचा इतिहास पाहता चाहते आदेश पचवतात, दंडही पचवतात. लपवाछपवी आणि गरज नसताना केलेली ढवळाढवळ मात्र ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

दोन किताब, एक गॅरेज

चालकांचे जगज्जेतेपद १९५० पासून दिले जाते, संघांचे १९५८ पासून. संघाच्या क्रमांकावर बक्षिसाची मोठी रक्कम अवलंबून असते, त्यामुळे दोन्ही गाड्या सुखरूप आणि जास्तीत जास्त गुण घेऊन घरी याव्यात एवढेच संघाला हवे असते. चालकाचे तसे नाही. त्याच्यासारखीच गाडी जगात आणखी एकाच माणसाकडे असते आणि तो माणूस त्याच गॅरेजमध्ये बसतो. म्हणून सहकारी हाच पहिला प्रतिस्पर्धी, हे या खेळात गृहीतच धरलेले आहे.

मराठी वाचकाला हा पेच मुलतानच्या कसोटीवरून चटकन कळेल. मार्च २००४ मध्ये सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना हंगामी कर्णधार राहुल द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. भारताने कसोटी डावाने जिंकली, तरी त्या सहा धावांचा विषय निघाला की आजही घरोघर दोन तट पडतात. फॉर्म्युला वनमध्ये असा प्रसंग एका मोसमात अनेकदा येऊ शकतो.

कॉलिन्सपासून पिरोनीपर्यंत

सुरुवातीच्या काळात शर्यत चालू असताना एक चालक दुसऱ्याला आपली गाडी देऊ शकत असे. १९५६ च्या इटालियन ग्रांप्रीत मॉन्झाला फेरारीच्या हुआन मॅन्युएल फॅन्जिओची गाडी बिघडली. संघातल्या लुइजी मुसोने आपली गाडी द्यायचे टाळले. चोवीस वर्षांचा पीटर कॉलिन्स मात्र पिटमध्ये आल्यावर गाडीतून उतरला आणि ती त्याने फॅन्जिओला दिली. कॉलिन्सला स्वतःला त्या दिवशी जगज्जेता होण्याची संधी होती. फॅन्जिओ त्या गाडीत दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. दोन वर्षांनी न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत कॉलिन्सचा मृत्यू झाला आणि किताब त्याच्या नावावर कधीच लागला नाही. या प्रसंगाबद्दल कोणी चाहता संघाला दोष देत नाही. निर्णय कॉलिन्सचा होता आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घेतला गेला.

१९८१ मध्ये ब्राझीलला नेमके उलट घडले. विल्यम्स संघाने ॲलन जोन्सला पुढे जाऊ द्यावे अशी पाटी कार्लोस रॉयटेमानला दाखवली. त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि शर्यत जिंकली. मोसमाच्या शेवटी मात्र नेल्सन पिकेने त्याला एका गुणाने मागे टाकले.

आदेशच संदिग्ध असेल तर काय होते, ते २५ एप्रिल १९८२ ला इमोलाने दाखवले. अनेक संघांचा बहिष्कार असल्याने त्या शर्यतीत अवघ्या १४ गाड्या होत्या. फेरारीचे जिल व्हिलनव्ह आणि दिदिए पिरोनी पहिल्या दोन जागांवर आले तेव्हा पिटमधून ‘सावकाश’ अशी पाटी दाखवली गेली. व्हिलनव्हने तिचा अर्थ घेतला की आहे तोच क्रम ठेवायचा. पिरोनीचे म्हणणे होते की फक्त गाडी जपायची. पिरोनीने शेवटच्या फेरीत व्हिलनव्हला गाठले आणि शर्यत जिंकली. व्हिलनव्हने त्याच्याशी बोलणे सोडले. तेरा दिवसांनी बेल्जियममध्ये झोल्डरला पात्रता फेरीत झालेल्या अपघातात व्हिलनव्ह गेला. इमोलाचा राग त्या अपघाताला कारण झाला असे म्हणणारे चाहते आजही भेटतात. ते सिद्ध करता येण्याजोगे नाही आणि तसे ठामपणे मांडणे पिरोनीवर अन्याय आहे. पण फेरारीने दोघांना शर्यतीआधी एक वाक्य स्पष्ट सांगितले असते तर हा वाद उरला नसता, हे निश्चित.

ऑस्ट्रिया २००२, बंदी आणि माघार

१२ मे २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीचा रुबेन्स बारिकेल्लो जवळजवळ पूर्ण शर्यत पुढे होता. शेवटच्या सरळ पट्ट्यावर, निशाणापासून काही मीटरवर, त्याने वेग कमी केला आणि मिखाएल शूमाकरला जिंकू दिले. प्रेक्षकांनी दोघांची हुर्यो उडवली. पोडियमवर शूमाकरने बारिकेल्लोला पहिल्या पायरीवर चढवले, त्याने संताप आणखी वाढला. हा मोसमातला सहावाच सामना होता आणि आधीच्या पाचांपैकी चार शूमाकरने जिंकले होते. पुढे सहा शर्यती बाकी असतानाच तो जगज्जेता झाला. त्या गुणांची त्याला काडीची गरज नव्हती. टीम ऑर्डरच्या इतिहासात याहून अनावश्यक आदेश शोधून सापडणे कठीण.

यातला दंडाचा भाग अधिक विचार करायला लावतो. आदेशाविरुद्ध नियमच नव्हता, म्हणून जागतिक संघटना एफआयएने संघ आणि दोन्ही चालकांना मिळून दहा लाख डॉलरचा दंड केला तो पोडियमचे शिष्टाचार मोडल्याबद्दल. त्यातलाही अर्धा स्थगित ठेवला. मोसम संपल्यावर शर्यतीच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली.

बंदीने आदेश थांबले नाहीत, ते सांकेतिक झाले. २००७ मध्ये ब्राझीलला फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता. दुसऱ्या पिटस्टॉपच्या वेळी त्याचा सहकारी किमी राइकोनेन त्याच्यापुढे निघाला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी चीनमध्ये राइकोनेनने मासाला दुसरी जागा दिली. दोन्ही वेळा कोणालाही शिक्षा झाली नाही. मग २५ जुलै २०१० ला हॉकेनहाइमला रेडिओवर ते वाक्य आले : ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. निरोप समजला का ते सांग.’ बोलणारा मासाचा इंजिनिअर रॉब स्मेडली, ऐकणारा मासा. बरोबर एक वर्षापूर्वी हंगेरीत उडालेली स्प्रिंग डोक्याला लागून मासा मरणाच्या दारातून परतला होता आणि त्या दिवशी तो पुन्हा जिंकण्याच्या वाटेवर होता. त्याने सहकारी फर्नांडो अलोन्सोला वाट दिली. फेरारीला एक लाख डॉलरचा दंड झाला, निकाल तसाच राहिला. अलोन्सोला त्या अदलाबदलीतून ७ गुण जास्त मिळाले आणि तरीही तो किताब ४ गुणांनी हरला.

एफआयएने २०११ पासून बंदी काढून टाकली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. जो नियम सिद्ध करायला चालकाच्या मनात शिरावे लागते तो संघांना फक्त खोटे बोलायला शिकवतो. उघड आदेशावर निदान उघडपणे टीका करता येते.

बंदीच्याच काळात, २००८ मध्ये, सिंगापूरला जे घडले ते या चर्चेत वेगळे काढायला हवे. नेल्सन पिके ज्युनिअरने संघाच्या योजनेनुसार रेनो मुद्दाम भिंतीवर आदळली. त्यामुळे सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरणारी गाडी, आली आणि त्याचा सहकारी अलोन्सो जिंकला. २००९ मध्ये हे उघड झाल्यावर संघावर दोन वर्षांची स्थगित बंदी आली. याला टीम ऑर्डर म्हणणे चूक आहे. ही फसवणूक होती आणि तिने मार्शल व प्रेक्षकांचे जीव धोक्यात घातले. त्या वर्षी मासा एका गुणाने किताब हरला होता. त्याने २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला.

चालकाने न ऐकल्यास

आदेश मोडणाऱ्याला एफआयए शिक्षा करत नाही, तो संघाच्या घरातला मामला असतो. २०१३ मध्ये मलेशियात रेड बुलने ‘मल्टी २१’ हा संकेत दिला होता : गाडी क्रमांक २ पुढे, क्रमांक १ मागे. पहिल्या क्रमांकाच्या गाडीतल्या सेबास्टियन फेटेलने तो धुडकावून मार्क वेबरला गाठले. त्याच शर्यतीत मर्सिडीजच्या निको रॉसबर्गने मात्र आदेश ऐकला आणि लुइस हॅमिल्टनच्या मागे चौथा आला. चाहते इथे सरळ दुभंगतात. काहींना फेटेलमध्ये खरा लढवय्या दिसतो, काहींना वचन मोडणारा. २०२२ मध्ये साओ पावलोला मॅक्स व्हेर्स्टापेनने सर्जिओ पेरेझला सहावी जागा द्यायला नकार दिला, तेव्हा किताब त्याने आधीच जिंकलेला होता. त्यामुळे त्याची बाजू घेणे त्याच्या चाहत्यांनाही जड गेले.

दंड : कृत्याला की परिणामाला?

स्टुअर्डांच्या हाती आज ५ आणि १० सेकंदांचा दंड, पिट लेनमधून सक्तीची फेरी, तिथे थांबून १० सेकंद काढणे, पुढच्या शर्यतीत काही जागा मागे आणि थेट अपात्रता एवढी साधने आहेत. २०१४ पासून दंडगुणही आले. बारा महिन्यांत १२ झाले की एक शर्यत घरी बसायचे. २०१० पासून स्टुअर्डांमध्ये एक माजी चालक असतो.

सर्वांत जुना वाद असा, की शिक्षा कृत्य पाहून द्यावी की परिणाम पाहून. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत हॅमिल्टनची व्हेर्स्टापेनशी धडक झाली. व्हेर्स्टापेन टायरच्या भिंतीवर आदळून रुग्णालयात गेला. हॅमिल्टनला १० सेकंदांचा दंड झाला, तरीही तो जिंकला. स्टुअर्ड साधारणपणे कृत्य पाहतात आणि तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. तरी जिंकणारा दंडित आणि दवाखान्यात गेलेला शून्य गुणांवर, हे चित्र अर्ध्या प्रेक्षकांच्या गळी उतरले नाही. २०१९ मध्ये कॅनडात पहिला येऊनही फेटेल ५ सेकंदांमुळे दुसरा ठरला. त्याने गाड्यांपुढच्या १ आणि २ क्रमांकाच्या पाट्यांची रागाने अदलाबदल केली. आपल्याकडेही बुद्ध सर्किटवर २०१३ मध्ये फेटेलने चौथा किताब जिंकल्यावर प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली आणि गाडीपुढे लवून नमस्कार केला. गाडी ठरलेल्या जागी न नेल्याबद्दल त्याला समज मिळाली आणि संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. ग्रेटर नोएडाच्या स्टँडमध्ये त्या दिवशी बसलेल्यांपैकी कोणाला तो दंड पटला असेल असे वाटत नाही.

दंड आणि आदेश एकमेकांत कसे गुंततात ते केव्हिन मॅग्नुसनच्या २०२४ च्या मोसमात दिसले. सौदी अरेबियात त्याला १०-१० सेकंदांचे दोन दंड झाले. त्याला स्वतःला आता काही मिळणार नव्हते. मग हास संघासाठी त्याने मागच्या गाड्या अडवून धरल्या आणि तेवढ्यात सहकारी निको हुल्कनबर्गने पिटस्टॉप उरकून दहावी जागा, म्हणजे एक गुण मिळवला. मायामीच्या स्प्रिंट, म्हणजे छोट्या, शर्यतीत त्याने हॅमिल्टनला असेच रोखले आणि दंडामागून दंड घेतले. संघाला गुण मिळाले, दंडगुण मात्र मॅग्नुसनच्या खात्यावर चढले. मॉन्झाला पिएर गॅस्लीशी झालेल्या किरकोळ धडकेने आकडा १२ वर गेला आणि या पद्धतीने बंदी आलेला तो पहिला चालक ठरला. ज्याला धडक बसली त्या गॅस्लीलाही शिक्षा जास्त वाटली. इथे चाहत्यांची तक्रार रास्त आहे : फायदा संघाचा असेल तर दंडाचा काही भाग संघावरही पडायला हवा.

२०२५ : दोन गुणांचा हिशेब

लँडो नॉरिस ४२३ गुणांनी जगज्जेता झाला, व्हेर्स्टापेनचे ४२१ झाले, ऑस्कर पिआस्त्रीचे ४१०. या दोन गुणांच्या फरकामुळे मोसमातला प्रत्येक आदेश आणि दंड चाहत्यांनी पुन्हा उकरून काढला.

मॉन्झाला नॉरिसचा पिटस्टॉप रेंगाळला आणि मॅक्लारेनमधला त्याचा सहकारी पिआस्त्री पुढे निघाला. मॅक्लारेनने पिआस्त्रीला दुसरी जागा परत द्यायला सांगितले. संथ पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग असे आधी ठरले होते, हे त्याने रेडिओवर ऐकवले आणि मग जागा दिली. दुसऱ्याला १८ गुण, तिसऱ्याला १५. ते ३ गुण काढले तर नॉरिस ४२० वर थांबतो. वर्षभरापूर्वी हंगेरीत याच दोघांमध्ये उलटी देवाणघेवाण झाली होती. तेव्हा संघाने नॉरिसला आधी पिटमध्ये बोलावल्याने तो पुढे गेला होता, म्हणून तिथला आदेश समजण्यासारखा होता. मॉन्झाचा तेवढा समजण्यासारखा नव्हता.

दुसरा प्रसंग बार्सिलोनाचा. रेड बुलने दंड टाळण्यासाठी व्हेर्स्टापेनला जॉर्ज रसेलला वाट द्यायला सांगितले. त्याने वेग कमी केला, रसेल शेजारी येताच पुन्हा वाढवला आणि त्याला धडक दिली. १० सेकंदांच्या दंडाने तो पाचव्यावरून दहाव्या जागी गेला, म्हणजे ९ गुण हातचे गेले. शिवाय तीन दंडगुण मिळाले आणि बंदी एका गुणावर आली. मोसम वेगळा गेला असता तर पुढच्या शर्यतीही वेगळ्या झाल्या असत्या, हे खरे. तरी किताब हरला तो एका संतापाच्या क्षणात, असे व्हेर्स्टापेनचे कट्टर चाहतेही कबूल करतात. त्याच महिन्यात एफआयएने स्टुअर्ड वापरतात ती दंडाची मार्गदर्शक तत्त्वे लोकांसमोर ठेवली.

फोर्स इंडिया, २०१७

विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया संघ सिल्व्हरस्टोनला होता, पण भारतीय चाहत्यांनी त्याला आपले मानले होते. २०१७ मध्ये मॉन्ट्रियलला एस्तेबान ओकाँने तिसऱ्या जागेवरच्या डॅनिएल रिकार्डोला गाठण्यासाठी पेरेझकडे वाट मागितली. पेरेझने आणखी काही फेऱ्या मागितल्या, संघाने सक्ती केली नाही आणि दोघे पाचवे-सहावे आले. बाकूला दोघे एकमेकांना भिडले. त्या दिवशी दहाव्या जागेवरून निघालेला रिकार्डो जिंकला. म्हणजे शर्यत कोणाच्याही हाती लागण्याजोगी होती. स्पाला दोघांची एकाच शर्यतीत दोनदा धडक झाली. त्यानंतर संघाने जाहीर केले की यापुढे दोघांना मोकळे सोडले जाणार नाही. मोकळीक देणारा संघ खिलाडू, असे म्हणणारे अनेक भारतीय चाहते त्या संध्याकाळी टीम ऑर्डरची मागणी करू लागले होते. संघाने मोसम १८७ गुणांसह चौथ्या जागेवर संपवला.