गोमुख किती मागे सरकले, हा प्रश्नच अपुरा आहे

हिमालयातील सर्व हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे विधान समाजमाध्यमांवर आजही अधूनमधून डोके वर काढते. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ सालच्या अहवालात ते छापले गेले होते आणि त्याला शास्त्रीय आधार नसल्याचे मान्य करून समितीने जानेवारी २०१० मध्ये ते मागे घेतले. त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, आपल्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचे एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. सप्टेंबर २००७ ते जून २००९ या काळात गंगोत्री हिमनदीचे मुख, म्हणजे तिचे खालचे टोक, जवळजवळ एकाच जागी स्थिर होते, असे त्यात नोंदवले होते आणि हिमनद्यांविषयीची भीती अनाठायी आहे असे मानणाऱ्यांनी ती नोंद उचलून धरली. त्या वेळच्या वादात दोन्ही बाजूंचा आवाज चढला, पण दोघांचेही लक्ष प्रामुख्याने एकाच गोष्टीवर खिळले होते, ती म्हणजे हिमनदीचे मुख कुठे आहे. माझ्या मते खरी गफलत तिथेच आहे, कारण हिमालयातील मोठ्या हिमनद्यांच्या बाबतीत मुखाची जागा ही प्रकृतीची फार फसवी खूण आहे.

हिमनदीच्या वरच्या भागात वर्षभरात जितका बर्फ साठतो त्यापेक्षा कमी वितळतो आणि खालच्या भागात जितका साठतो त्यापेक्षा जास्त वितळतो. वरची शिल्लक स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली वाहत येते आणि खालची तूट भरून काढते. जिथे पुरवठा संपतो तिथे मुख असते. त्यामुळे मुखाची जागा ही आजच्या हवामानाची नव्हे, तर मागच्या काही दशकांच्या जमाखर्चाची नोंद असते. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे मुख, म्हणजे गोमुख, समुद्रसपाटीपासून जवळपास ४,००० मीटरांवर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये त्याचा नकाशा तयार केला आणि तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. या प्रवासात ते कधी भरभर सरकले, तर कधी दोन-तीन वर्षे जागचे हलले नाही. दोन वर्षांच्या स्थैर्यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे एवढ्यावरूनच लक्षात यावे.

परंतु मुख फसवे असण्याचे याहून मोठे कारण हिमनदीच्या पाठीवर पसरलेले असते. हिमालयातील अनेक मोठ्या हिमनद्यांच्या खालच्या भागात प्रत्यक्ष उभे राहिले तर बर्फ दिसतच नाही. दिसतो तो राखाडी दगडधोंड्यांचा, खडीचा आणि वाळूचा उंचसखल पसारा. दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, प्रसरण पावते आणि खडक फोडते. तुटलेले दगड हिमप्रपातांबरोबर हिमनदीच्या वरच्या भागात पडतात, नव्या हिमाखाली गाडले जातात आणि बर्फाच्या पोटातून खाली वाहत येतात. खाली आल्यावर वरचा बर्फ वितळतो, पाणी वाहून जाते, दगड मात्र मागे राहतात. साहजिकच जसजसे मुखाकडे यावे तसतसा हा थर जाड होत जातो. वरच्या बाजूला जेमतेम धुळीचा लेप असतो, तर मुखाजवळ थराची जाडी एक मीटरहूनही अधिक असू शकते.

हा थर बर्फाचे रक्षण करतो की त्याला वितळवतो? दोन्ही करतो, आणि नेमके काय करणार हे त्याच्या जाडीवर ठरते. स्वीडनमधील हिमनद्यांवर मोजमापे घेऊन गुन्नार ओस्ट्रेम या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हा संबंध आलेखाच्या रूपात मांडला. हिमनदीशास्त्रात तो आलेख आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. उघडा बर्फ ऊन्हाचा बराच भाग परत फेकतो, तर गडद दगडमाती आठ-नऊ दशांश ऊन शोषून घेते. थर अगदी पातळ असेल तर शोषलेली ही सगळी उष्णता लगेच खालच्या बर्फाला मिळते आणि बर्फ उघड्या बर्फापेक्षाही वेगाने वितळतो. थर जाड झाला की उष्णता तीच शोषली जाते, पण ती बर्फापर्यंत पोहोचायला वाट लांब होते. लाकडाच्या भुशात ठेवलेली बर्फाची लादी टिकते, त्यातलाच हा प्रकार. हिमालयात ही सीमारेषा ढोबळमानाने दोन-तीन सेंटिमीटरांच्या आसपास येते. त्याहून पातळ थर बर्फाचा वैरी, त्याहून जाड थर त्याचा राखणदार.

यातली आकडेमोड फार सुंदर आहे, म्हणून ती थोडी करून दाखवतो. थराखालचा वितळता बर्फ शून्य अंश सेल्सियसवर असतो. उन्हाळ्यात थराच्या पृष्ठभागाचे दिवसरात्रीचे सरासरी तापमान १० अंश आहे असे धरू. दगडमातीची उष्णतावाहकता साधारण १ वॅट प्रति मीटर प्रति अंश असते. थर १० सेंटिमीटर जाड असेल, तर तापमानातील फरकाला जाडीने भागून बर्फाच्या दर चौरस मीटरला १०० वॅट उष्णता मिळते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, त्यामुळे २४ तासांत दर चौरस मीटरमागे सुमारे २६ किलो बर्फ, म्हणजे २६ मिलिमीटर पाणी तयार होते. तोच थर अर्धा मीटर जाड असेल तर वितळण जेमतेम ५ मिलिमीटरांवर येते आणि एक मीटर असेल तर अडीच मिलिमीटरांवर. थर एकच सेंटिमीटर असल्यास हेच सूत्र २६० मिलिमीटर असे उत्तर देईल, पण ते खरे नव्हे, कारण इतक्या पातळ थराचा पृष्ठभाग १० अंशांपर्यंत तापूच शकत नाही, खालचा बर्फ त्याची उष्णता सतत ओढून घेत असतो. तिथे वितळण्याची मर्यादा थराची वाहकता ठरवत नाही, सूर्याकडून आणि हवेकडून किती ऊर्जा मिळते हे ठरवते. दिवसा तापलेल्या जाड थराची बरीचशी उष्णता रात्री पुन्हा आकाशात निघून जाते, हाही त्यातला एक बारकावा आहे.

आता हा आलेख एका सबंध हिमनदीवर मांडून पाहू. मुख सर्वांत कमी उंचीवर आणि म्हणून सर्वांत उबदार जागी असते, तरीही तिथला बर्फ जाड थराखाली सुरक्षित राहतो. सर्वाधिक वितळण होते ती काही किलोमीटर वर, जिथे थर पातळ आहे. अशा रीतीने हिमनदी मुखाशी टिकून राहते आणि मध्यभागी खंगत जाते. परिणामी तिचा उतार कमी होतो. बर्फाच्या प्रवाहाचे गणित असे आहे की, त्याच्या विकृतीचा, म्हणजे आकार बदलत वाहण्याचा, वेग त्याच्यावर पडणाऱ्या ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. जाडी तीच ठेवून उतार निम्मा झाला तर ताण निम्मा होतो आणि विकृतीचा वेग एक अष्टमांशावर येतो. जाडीही घटत असल्यामुळे प्रत्यक्षात घसरण याहून मोठी असते. खालचा भाग जवळजवळ वाहायचा थांबतो. नकाशावर मुख जागच्या जागी असते आणि आत हिमनदी मरणपंथाला लागलेली असते.

सपाट झालेल्या या भागावर पाणी साचून तळी तयार होतात. तळ्यांच्या कडेला बर्फाचे उभे कडे उघडे पडतात, ज्यांच्यावर दगड टिकत नाहीत आणि फक्त धुळीचा पातळ लेप राहतो, म्हणजे ओस्ट्रेमच्या आलेखातली सर्वांत वाईट स्थिती. तळ्याचे पाणी उन्हाने तापून कड्याचा पाया कुरतडते आणि आसपासच्या थराखालच्या बर्फापेक्षा हे कडे कित्येक पटींनी वेगाने झिजतात. उपग्रहांच्या मोजमापांत दगडांखालच्या हिमनद्याही उघड्या हिमनद्यांइतक्याच वेगाने पातळ होताना आढळल्या, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले होते. मंदावलेला प्रवाह, तळी आणि कडे यांत त्या कोड्याचे बरेचसे उत्तर आहे.

मुख सोडून जाडी मोजायची, तर त्याची रीत साधी पण कष्टाची आहे. बर्फात वाफेने किंवा यंत्राने खोल भोक पाडून त्यात बांबूच्या काठ्या उभ्या करतात आणि हंगामाच्या शेवटी काठी किती उघडी पडली ते मोजतात. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधील छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून अशी मोजणी सलग चालू आहे. मोठ्या पट्ट्यासाठी अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी १९७० च्या दशकात घेतलेली आणि नंतर खुली केलेली छायाचित्रे कामी आली. त्यांवरून सुमारे ६५० हिमनद्यांच्या उंचीचे नकाशे तयार करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, १९७५ ते २००० या काळात हिमालयातील हिमनद्या वर्षाला सरासरी पाव मीटरपेक्षा थोड्या कमी वेगाने पातळ होत होत्या आणि २००० ते २०१६ या काळात हा वेग जवळपास दुप्पट झाला. २०३५ चे भाकीत चूक होते म्हणून धोका नाही असे मानणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

हिमनदी खंगली की तिने पूर्वी दोन्ही बाजूंना आणि पुढे रचून ठेवलेले दगडमातीचे बांध, म्हणजे हिमोढ, उंच राहतात आणि त्यांच्यामागे पाणी साचते. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीच्या हिमोढामागे असेच एक तळे होते. जून २०१३ मध्ये तिथल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, बर्फही वितळत होता, तळे तुडुंब भरले आणि १७ जूनच्या सकाळी सैल दगडमातीचा तो बांध फुटला. अलकनंदेकाठच्या धारी देवीची मूर्ती आदल्या दिवशी जलविद्युत प्रकल्पासाठी हलवल्यामुळे हा कोप झाला, असे तेव्हा सर्वत्र सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. लोकांची श्रद्धा मला समजते, पण या स्पष्टीकरणाने मोठे नुकसान होते. कोपावर उपाय एकच उरतो, क्षमा मागणे. बांधामागच्या पाण्यावर मात्र पाणी मोजणे, ते वेळीच उपसणे आणि नदीच्या पात्रात बांधकाम न करणे, असे अनेक उपाय असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि तिस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले, तेव्हा तो तलाव वाढत असल्याचे अभ्यासकांना अनेक वर्षे ठाऊक होते.

या सगळ्यात वनस्पतीही साक्षीदार आहेत. सतत हलणाऱ्या, उलटसुलट होणाऱ्या दगडांवर काहीच रुजत नाही, त्यामुळे हिमनदीच्या पाठीवर शेवाळ, गवत आणि झुडपे दिसू लागली की तिथला प्रवाह थांबल्याचे ओळखावे. हिमनदीने सोडलेल्या हिमोढांवर भूर्जाची झाडे उभी राहतात आणि त्यांच्या खोडांतील वर्षवलये मोजून बर्फ तिथून निदान किती वर्षांपूर्वी हटला ते सांगता येते. वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडे वाढू शकतात त्या वरच्या मर्यादेच्या, पुष्कळ वर, ४,१५० ते ६,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, १९९३ ते २०१८ या काळात हिरवळ वाढल्याचे उपग्रहचित्रांवरून २०२० मध्ये दाखवले गेले. ब्रह्मकमळ ज्या उंचीवर फुलते त्याहूनही वरच्या, आतापर्यंत जवळजवळ उघड्या असलेल्या उतारांवर खुरटी झुडपे आणि गवत पसरत आहे.

नद्यांवरचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा नाही. गंगेच्या मैदानातील पाण्यात हिमनद्यांचा वाटा लहान आहे, ते पाणी प्रामुख्याने मोसमी पावसाचे असते, त्यामुळे हिमनद्या संपल्या की गंगा कोरडी पडेल ही भीती अतिशयोक्त आहे. सिंधूचे तसे नाही. तिच्या वरच्या खोऱ्यात मोसमी पाऊस फारसा पोहोचत नाही, हिवाळ्यातील पश्चिमी वाऱ्यांनी आणलेले हिम आणि हिमनद्यांचा बर्फ हेच तिचे मुख्य भांडवल आहे. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील निदान एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल, असा काठमांडूच्या इसिमॉड या पर्वतप्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा २०१९ चा अंदाज आहे. हिमनद्या आकसू लागल्या की आधी काही दशके पाणी वाढते, कारण साठवलेले भांडवल खर्च होत असते, आणि मग ते घटू लागते. लडाखमधील ज्या गावांची शेती एखाद्या लहानशा हिमनदीच्या ओढ्यावर अवलंबून आहे, त्यांना ही घट सर्वांत आधी जाणवणार आहे, आणि तीही पेरणीच्या दिवसांत, जेव्हा शेताला दुसरे पाणी नसते.