जपानी गेम घ्यावा की अमेरिकन? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-पुण्याहून गावी आलेली मंडळी रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात डिस्क बघायला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: जपानी गेम चांगले की अमेरिकन? काउंटरवर गर्दी असताना याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत. डिस्क विकत घ्या किंवा भाड्याने न्या, पैसे मोजण्याआधी हे वाचा.

आमचं मत आधीच सांगतो. कंट्रोलर हातात घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जी मजा येते, तिच्यात जपानी गेम आजही पुढे आहेत. मोठं जग, त्यात मनाला येईल तसं भटकणं आणि मोठ्या माणसांना पटेल अशी गोष्ट हवी असेल, तर युरोप-अमेरिकेतले गेम उजवे.

तुमच्यापैकी अनेकांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळला असेल. त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा असायचेच. दोन्ही जपानी, एक निन्टेन्डोचा, दुसरा कोनामीचा. १९८५ सालच्या सुपर मारिओची सुरुवात आठवून बघा. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवी बाजू मोकळी, त्यामुळे जायचं कुठे हे कोणी सांगावं लागत नाही. समोरून एक गुंबा, म्हणजे छोटासा शत्रू, चालत येतो. उडी चुकली तर मारिओ मरतो, पण खेळ आत्ताच सुरू झालेला असल्याने गमावलेलं काहीच नसतं. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळत जातो, पाइपावर आपटतो आणि परत तुमच्याच दिशेने येतो. घाबरून वर उडी मारावी तर डोक्यावर ठोकळ्यांची रांग, म्हणजे पुन्हा खालीच येणार. मशरूम अंगाला लागतो, मारिओ मोठा होतो आणि तो चांगला असतो हे पोराला कळतं. एक अक्षर वाचायला न लावता एवढं शिकवलं! शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आम्हाला अजूनही थक्क करतं. पुढे १९९६ साली सुपर मारिओ ६४ करतानाही त्यांनी आधी नुसतं पळणं, उड्या मारणं आणि एका सशाचा पाठलाग करणं हाताला गोड लागेल असं जमवलं आणि डोंगर-किल्ले मागाहून रचले.

मारामारीच्या गेममध्येही हा फरक दिसतो. कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर २ आला १९९१ साली आणि शिकागोत तयार झालेला मॉर्टल कॉम्बॅट १९९२ साली. स्ट्रीट फायटरमध्ये वार अडवायचा तर स्टिक मागे ओढायची. म्हणजे अडवणं आणि मागे सरणं एकाच हालचालीत बसवलेलं. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये अडवायला वेगळं बटण दिलं. त्याचा खरा जोर होता खऱ्या नटांची चित्रं टिपून केलेल्या पात्रांवर आणि रक्तावर. त्या रक्ताने अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की १९९४ साली तिथे गेमला वयोगटाचे शिक्के मारणारी यंत्रणाच उभी राहिली. आजही दोन्ही मालिकांचे नवे गेम निघतात. मित्रांत चुरस लावून महिनोन्‌महिने हात बसवायचा असेल तर आम्ही स्ट्रीट फायटर किंवा टेकन देतो. हेही दोन्ही जपानी.

आता दुसरी बाजू. व्हाइस सिटी खेळलेल्यांना विचारा, किती जणांनी मिशन पुरी केली? बहुतेक जण मोटारसायकल घेऊन समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने रेडिओ लावून फिरत बसायचे. तसं फिरू देणं हेच त्या गेमचं मोठेपण होतं. त्याच रॉकस्टार कंपनीचा २०१८ सालचा रेड डेड रिडेम्प्शन २ तर याचा कळस आहे. घोड्याला खरारा करायचा, बंदूक साफ करायची, रस्त्यात भेटलेल्याला रामराम करायचा की डिवचायचं ते आपण ठरवायचं. संथ आहे. घाईच्या माणसाने घेऊ नये. पण ज्याला कादंबरीत रमायची सवय आहे, त्याला हा गेम सोडवत नाही. पोलंडमध्ये तयार झालेला विचर ३ हाही असाच. त्यात एखाद्या खेड्यातलं साधं काम अंगावर घ्यावं आणि त्यातून एका घराची पूर्ण शोकांतिका उलगडावी, असं पुन्हा पुन्हा होतं.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ‘अमेरिकन’ म्हणून मागितले जाणारे अनेक गेम अमेरिकेत झालेलेच नाहीत. व्हाइस सिटी स्कॉटलंडमधल्या एडिनबरात बनला, बाल्डर्स गेट ३ बेल्जियमच्या कंपनीचा. उलट घोस्ट ऑफ त्सुशिमा सामुराईंचा असला तरी तो केला अमेरिकन मंडळींनी. देवाणघेवाणही जुनीच आहे. जपानच्या भूमिका-खेळांचा, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला हळूहळू बलवान करत खेळायच्या गेमचा, पाया घालणारा १९८६ सालचा ड्रॅगन क्वेस्ट हा विझर्डी आणि अल्टिमा या अमेरिकन गेमवरून सुचलेला. आणि २०२५ साली एका फ्रेंच कंपनीने जपानी धर्तीवर, आळीपाळीने वार करण्याच्या पद्धतीचा एक्सपिडिशन ३३ काढून जगाची वाहवा मिळवली. २०२२ सालचा एल्डन रिंग जपानी खराच, पण त्यातलं मोकळं भटकणं पाश्चात्य गेमच्या चाहत्यांनाही भावलं. मात्र तो कठीण आहे. पहिल्या आठवड्यात सतत मरायची तयारी ठेवूनच न्या.

आपल्याकडे घेताना काय बघावं

पहिली गोष्ट वीज. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. युरोप-अमेरिकेतले बहुतेक गेम थोड्या थोड्या वेळाने आपोआप सेव्ह होतात. जुन्या वळणाच्या जपानी गेममध्ये ठरावीक जागी पोहोचल्यावरच सेव्ह करता येतं. पर्सोना ५ मध्ये शत्रूच्या महालात शिरलात की सुरक्षित खोली सापडेपर्यंत सेव्ह नाही. मधेच लाइट गेली तर तेवढा सगळा डाव पुन्हा. इन्व्हर्टर नसेल तर असे गेम पावसाळ्यात नेऊ नका. एल्डन रिंग जपानी असूनही सतत सेव्ह होतो, त्याची काळजी नाही.

दुसरी गोष्ट नेट. रेड डेड २ दोन डिस्कमध्ये येतो आणि कन्सोलमध्ये शंभर जीबीच्या आसपास जागा धरतो. कॉल ऑफ ड्यूटीचे अपडेटच इतके मोठे असतात की मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर त्याचा नाद करू नये. याउलट निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवरचा झेल्डा, म्हणजे २०१७ सालचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड, साधारण चौदा जीबीचा आहे आणि कार्ड घातलं की थेट सुरू होतो. राजापूर, लांज्याच्या आतल्या वाड्यांतून येणाऱ्या ग्राहकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

तिसरी भाषा. मराठीत हे गेम नाहीत. पर्सोनासारखा गेम शंभर तासांच्या घरात जातो आणि त्यातला बराच वेळ इंग्रजी संवाद वाचण्यात जातो. वाचनाची आवड असलेल्या कॉलेजच्या मुलांना तो फार आवडतो, त्यांचं इंग्रजीही सुधारतं. सहावी-सातवीतल्या मुलाला मात्र मारिओ, टेकन किंवा गाड्यांचे गेम द्या.

पालकांनी डब्याच्या कोपऱ्यातला आकडा बघावा: ३, ७, १२, १६ किंवा १८. जपानी म्हणजे कार्टून आणि कार्टून म्हणजे लहान मुलांचं, असं समजून रेसिडेंट ईव्हिल घेऊन जाऊ नका. तो जपानी आहे आणि त्यावर १८ लिहिलेलं असतं. उलट स्वीडनच्या कंपनीचा इट टेक्स टू दोघांनी मिळून खेळायचा, समजूतदार गेम आहे. नवरा-बायकोने किंवा भावा-बहिणीने एकत्र बसून खेळावा असा. त्यावर १२ चा आकडा आहे, कारण आई-वडिलांचं पटेनासं झालेलं असतं तिथून गोष्ट सुरू होते.

गणपतीत घर भरलेलं असताना मारिओ कार्टला तोड नाही. चार जण एका टीव्हीवर खेळतात, आणि मागे पडलेल्याला चांगली हत्यारं मिळत असल्याने आत्येभावंडांत लहानग्यालाही जिंकायची आशा राहते. क्रिकेटच हवं असेल तर जपानी शोधू नका. क्रिकेट २४ ऑस्ट्रेलियात बनलेला आहे आणि तोच घ्या.

स्विच घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे मिळणारे स्विच बहुधा आयात केलेले असतात, कंपनीची इथली वॉरंटी त्यांना नसते. वॉरंटी कोण देणार हे विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या, आमच्याकडूनसुद्धा.

कोणताही गेम नेण्याआधी दुकानातल्या टीव्हीवर लावून बघता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला सोबत आणा आणि कंट्रोलर त्याच्या हातात द्या. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी आलात तर निवांत बसता येईल.